बर्फातली शेवंड

कुकरचं झाकण उघडलं आणि पूर्णिमानं कपाळावर हात मारून घेतला. मघाशी आत टाकले तेव्हा अंगठ्याएवढे पांढरेशुभ्र दिसणारे तुकडे आता आक्रसून पार करंगळीच्या पेरावर आले होते आणि तांबड्याजर्द रश्श्यात गोट्यांसारखे इकडून तिकडं पळत होते. तिनं त्यातला एक पळीनं कोपऱ्यात गाठला, फुंकर मारून तोंडात टाकला. चावला. परत चावला. या दाढेखालून त्या दाढेखाली नेला. शेवटी मोरीत थुंकला.

"स्लिपरचा पट्टा मऊ असतोय याच्यापेक्षा," ती कुकरलाच म्हणाली.

आता यात तिचं काय चुकलं, सांगा. जन्म कागलात, संसार कळंब्यात, आणि दोन्हीकडं आयुष्यभर मटण. घरात वशाट शिजायचं म्हटलं की कांदा-खोबरं भाजायचं, वाटून परतायचं, वर्षाची करून ठेवलेली चटणी घालायची आणि कुकरला चार शिट्ट्या काढायच्या. हे तिच्या हातांना पाठ. आत काय टाकलंय याची चौकशी हात करत बसत नाहीत. पण आत जे होतं ते मटण नव्हतं. ते होतं मॉलच्या फ्रीजरातलं पाकीट. पाकिटावर हे एवढं दांडगं लालभडक लॉबस्टर छापलेलं, आणि आत त्या लॉबस्टरची कुणी लांबची गरीब भावंडं, कवच सोललेली, नुसती शेपटं. "म्याडम, बिनधास्त न्या. चवीला डिट्टो लॉबस्टर आणि किमतीला काहीच न्हाय," असं तिथल्या विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या तोंडात यातला एक तुकडा कोंबावा आणि चाव म्हणावं, असं पूर्णिमाला वाटून गेलं.

हा सगळा खटाटोप साक्षीसाठी चालला होता.

साक्षी म्हणजे पूर्णिमाची एकुलती एक लेक. मालवणला दिलेली. दिलेली कसली, तिनंच कोल्हापुरात कॉलेजला असताना अतुलला पसंत केला आणि त्याच्याबरोबर समुद्राकाठी निघून गेली. अतुलचं मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं. पोरगा चांगला, निर्व्यसनी, त्याच्याबद्दल पूर्णिमाची एका शब्दाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मधल्या घाटाची. आता साक्षीला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून ओटी भरून झाल्यावर ती आईकडं आली होती.

या बाळंतपणाची वाट पूर्णिमा साक्षी जन्मल्यापासून बघत होती. तिच्या स्वतःच्या वेळी तिची आई नव्हती. लग्नाच्या आदल्या वर्षीच गेली. त्यामुळं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, सासूच्या हाताखाली. सासू, म्हणजे आक्काताई, वाईट नव्हत्या. वेळच्या वेळी पेज पुढ्यात ठेवायच्या आणि "खा गप्प" म्हणायच्या. तेवढंच. केसांतून हात फिरवायला, रडू आलं तर कशाला आलं बघायला कुणी नव्हतं. तेव्हाच पूर्णिमानं ठरवून टाकलं होतं, माझ्या लेकीचं बाळंतपण मी करणार आणि असं करणार की सगळ्या गल्लीनं बघत राहावं.

पण साक्षी आली ती तोंड मिटूनच आली. ताटावर बसायची, दोन घास खायची आणि "मी जाते पडायला" म्हणून उठायची. जाते! जन्मभर "मी जातो, मी खातो" म्हणत वाढलेली कोल्हापूरची पोरगी, वर्षभरात "जाते" म्हणायला लागली. पूर्णिमाच्या कानाला ते रोज टोचायचं. ती आणखी जोरात कामाला लागायची. सकाळी डिंकाचा लाडू, वर दूध. दहाला नाचणीची खीर. जेवायला पायाचा रस्सा. साक्षी म्हणायची, आई लाडू नको, मळमळतंय. पूर्णिमा म्हणायची, मळमळू दे, पोटात तर जाऊ दे. साक्षी फोनवर अतुलशी बोलत असली तरी हिचा वाटीतला चमचा तिच्या तोंडाशी.

आणि एक दिवस, तिसरी वाटी पुढं आल्यावर, साक्षीनं वाटीकडं न बघता सांगितलं, "मला शेवंड खायचीय."

"काय?"

"शेवंड. लॉबस्टर. मालवणला घरी खाल्ली होती. तीच खावीशी वाटतीय. दुसरं काय बी नको."

पूर्णिमाला आधी आनंदच झाला. चला, पोरीनं काहीतरी मागितलं! आक्काताईंनी कॉटवरून लगेच बजावलं, "डोहाळा हाय गं. पुरवाय पायजे. न्हाय पुरवला तर पोराची लाळ गळत ऱ्हाती." पूर्णिमाचा नवरा विजयसिंह, उद्यमनगरात ज्याचं लेथचं वर्कशॉप, तो स्कूटर काढून मासळी बाजारात गेला आणि हात हलवत परत आला.

"मासळीवाला न्हाय म्हणतोय," त्यानं चप्पल काढता काढता सांगितलं. "मला म्हणतोय, पावणं, जुलैत शेवंड मागताय व्हय? बंदी हाय, होड्या वाळूवर वढून ठेवल्यात. आणि बंदी उठायच्या आधी श्रावण लागतोय. तू आपला तांबडा-पांढरा रस्सा कर की मस्त. चालतंय की."

चालतंय की! लग्नापासून हे दोन शब्द ऐकून पूर्णिमाच्या डोक्याचा भुगा झाला होता. महाबळेश्वर म्हटलं तर पन्हाळा, चालतंय की. पैठणी म्हटलं तर तसलीच दिसणारी, चालतंय की. तिनं त्याच्यापुढं चहाचा कप असा आदळला की निम्मा बशीत सांडला.

मग कुणीतरी मॉलचं सांगितलं, आणि ते पाकीट घरात आलं, आणि त्याच्या चार शिट्ट्या झाल्या.

आता कुकरपुढं उभं राहून काय होणार? पूर्णिमानं वरून कोथिंबीर पेरली, लिंबू पिळलं आणि ताट नेऊन लेकीपुढं ठेवलं. साक्षीनं एक तुकडा तोंडात घेतला. बराच वेळ घोळवला. हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"ही शेवंड न्हवं, आई."

"तिच्याच जातीतली हाय. स्वस्त असली म्हणून काय झालं?"

"तसं न्हाय गं." साक्षी ताटाकडं बघत म्हणाली, "मी जाऊन येऊ का मालवणला? चार दिवस. तिथं अतुल करेल काहीतरी."

पूर्णिमाला पुढचं सगळं दिसलं. चार दिवस म्हणे! राधानगरीवरून फोंडा घाट उतरून पोरगी एकदा खाली गेली की या धो धो पावसात तिला परत वर कोण आणणार? तोवर आठवा लागणार, डॉक्टरीणबाई प्रवास नको म्हणणार, आणि बाळंतपण तिकडंच होणार. विहीणबाईंच्या हातानं. आणि हिनं काय करायचं, फोनवर पोराचा फोटो बघायचा?

"कुठं जायाचं न्हाय," ती म्हणाली. "मी करतो शेवंड. बघच तू."

दुसरं पाकीट तिनं नीट वाचून आणलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश बर्फ सोडवा. तिनं ठेवलं. चांगलं ताटलीत, वर झाकण घालून. सकाळी उघडते तर ताटली रिकामी. सगळं घर शोधलं. शेवटी आक्काताई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "मागल्या दाराच्या पायरीवर ठेवलंय मी. देवाच्या दुधाशेजारी कुठलं कुठलं मेलेलं आणून ठेवतीस? कळतंय का काय तुला?"

मागल्या पायरीवर फाटलेलं प्लॅस्टिक होतं आणि शेजाऱ्यांचं बोकं पोट वर करून झोपलं होतं.

"पुरला!" पूर्णिमा दारातूनच ओरडली. "डोहाळा पुरला! लेकीचा न्हाय, बोक्याचा पुरला!"

विजयसिंह हसला. नको तिथं हसायची त्याची जुनी खोड. त्या दिवशी त्याला डब्यात नुसती भाकरी आणि ठेचा मिळाला. पूर्णिमा मात्र आत जाऊन भांड्यांच्या आवाजात थोडी रडली. एवढं सोपं काम, एक खाणं, आणि तेही हातून होईना. बाहेर साक्षी फोनवर हळू आवाजात बोलत होती. आई खोलीत आली की तिचा आवाज आणखी खाली जायचा, हे पूर्णिमाला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

अमावस्या तोंडावर आली. एकदा श्रावण लागला की आक्काताई घरात कांदासुद्धा चिरू देणार नव्हत्या. पूर्णिमानं तिसरं पाकीट आणलं, बर्फ सुटेस्तोवर त्याच्याशेजारी पाट टाकून राखणीला बसली, आणि तिथं बसल्या बसल्या तिला कबूल करावं लागलं की हे आपल्याला येत नाही. ज्या बाईला येतं तिला विचारायचं, तर त्या बाईला फोन लावायला बोट पुढं सरकेना. बाळंतपण आमच्याकडंच होणार असं त्याच बाईला ओटीभरणात चारचौघांत ठणकावून सांगितलेलं. आता तिलाच विचारायचं, कसं शिजवू म्हणून? पण पाकिटातला बर्फ सुटत चालला होता. तिनं डोळे मिटून फोन लावला.

"अगो बाय!" विहीणबाई तिकडून मोकळेपणी हसल्या. "कुकरात? सुंगटां काय मटान आसा? तेल चरचरीत तापवा, हळद-मीठ लावून टाका, रंग बदललो की उतरा. दोन मिनिटांचा काम. जास्त शिजव नकात."

"एवढंच?"

"एवढाच. साक्षीक आवडतत आमच्या घरातली सुंगटां."

"सुंगटं, कोळंबी तसलं न्हाय हो, तिला शेवंड पायजे. तुमच्याकडं खाल्लेली."

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे? आमी शेवंड खातंव खंय? गावली तर ती सरळ हाटेलात जाता. घरात कधी शिजलीच नाय. ती चेष्टा करीत आसतली." आणि मग, जरा दबकत, "विहीणबाय, एक सांगू? पोरीचा मन तिथं रमत नसात तर तुमी दोघीजणी हयच येवा. मागची खोली मोकळीच आसा."

"बघतो," एवढंच म्हणून पूर्णिमानं फोन ठेवला. कान तापले होते. म्हणजे पोरगी सगळं तिकडं सांगत होती. आणि शेवंड? शेवंड कुठून आली मग?

तिनं तेल तापवलं. हळद-मीठ लावलेले तुकडे सोडले, लसूण ठेचून टाकली, आणि हात मागं बांधून उभी राहिली, कारण मोकळे सोडले असते तर त्यांनी झाकण घातलंच असतं. रंग बदलला. उतरवलं. एक तुकडा तोंडात टाकला, आणि काय सांगायचं, इतका गोड, इतका मऊ की तिला आणखीच चीड आली. पंधरा दिवस जिवाचा आटापिटा केला आणि काम निघालं दोन मिनिटांचं.

ताट घेऊन ती साक्षीपुढं बसली. साक्षीनं एक खाल्ला. मग दुसरा. मग मान वर करून म्हणाली, "चांगलं झालंय की गं."

"हुणारच. तुझ्या सासूनं सांगितलं तसं केलंय." पूर्णिमानं तिच्याकडं रोखून बघितलं. "आणि तिनं आणिक एक सांगितलं. तुमच्या घरात शेवंड कधी शिजलीच न्हाय म्हणं."

साक्षीनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"खोटं का बोललीस?"

"मिळणार न्हाय म्हाईत होतं म्हणून."

"आँ?"

"बंदी हाय, श्रावण येतोय, इथं शेवंड मिळणारच न्हाय. मला वाटलं तू हिंडून हिंडून कटाळशील आणि म्हणशील, जा बाई, तुझ्या घरी जाऊन खा." साक्षीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला काय म्हाईत तू बर्फातलं घेऊन येशील! एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं!"

"आणि तोंडानं सांगायला काय झालतं? तोंड हाय का न्हाय तुला?"

"सांगितलं की! आल्या दिवशी सांगितलं, लाडू नको. परवा सांगितलं, मला झोपू दे. काल सांगितलं, अतुलशी बोलतीय. ऐकलंस एक तरी? तिकडं सासूबाई रोज सकाळी विचारतात, आज काय करू गो? इथं तू एकच म्हणतीस. खा गप्प!"

"आई हाय मी! आईनं काय विचारायचं असतंय?" पूर्णिमा ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिथं जाऊन तिनं कढई घासायला घेतली. गरम होती, चटका बसला, तरी घासत राहिली. कृतघ्न कार्टी. हिच्यासाठी मॉलच्या पायऱ्या झिजवल्या, त्या बाईला फोन केला, बोक्याची राखण केली. आणि म्हणते काय, तर खा गप्प म्हणतीस! मी कधी म्हटलं? कधी म्हटलं मी, खा गप्प?

आणि मग तिचा हात थांबला. म्हटलं होतं. रोज म्हटलं होतं. पेजेची वाटी, भिंतीकडं तोंड करून गिळलेलं रडू, आणि कॉटशेजारी उभ्या राहिलेल्या आक्काताई, "खा गप्प." पंचवीस वर्षं ते दोन शब्द तिनं मनात धरले होते, कधीतरी फेकून देऊ म्हणून. आणि फेकले कुणावर, तर साक्षीवर. पूर्णिमाला स्वतःचा इतका संताप आला की घासणी हातातून सुटून मोरीत पडली.

ती दारात येऊन उभी राहिली. पदरानं हात पुसले. आवाज नेहमीचाच निघाला, भांडल्यासारखा, कारण दुसरा तिच्याकडं नव्हता.

"बरं. सांग. काय करू?"

साक्षीनं मान वर केली. आईचा चेहरा नीट बघितला. चेष्टा नाही याची खात्री करून घेतली.

"मला मालवणला सोड," ती म्हणाली.

पूर्णिमाच्या जिभेवर एकदम दहा उत्तरं आली. रस्ता, पाऊस, डॉक्टरीणबाई, लोक. ती सगळी तिनं गिळली. त्या रबराच्या तुकड्यांपेक्षा अवघड गेली. विचारलं होतं तिनं, आता ऐकणं भाग होतं. पण ऐकून झाल्यावर जे मनात होतं ते बाहेर आलंच. "मग तुझं बाळंतपण कोण करणार?"

"तू."

"मी कशी करणार? मी इथं."

"चल की मग माझ्यासंगं. मी तुला कधी नको म्हणलंय? मला तू पायजे, आई. पण माझ्या घरात पायजे. आणि जरा हळू पायजे."

आक्काताई कॉटवर उठून बसल्या. "काय बोलाय लागल्यात या दोघी? नातवंडाचं तोंड बघायच्या आधी लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत आणि ही ऱ्हायला निघाली? लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू देत," पूर्णिमा म्हणाली आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढली.

विजयसिंह तेवढ्यात कामावरून आला होता. बॅग बघून तो चपलेसकट दारातच उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं. उद्या डॉक्टरीणबाईंना विचारतो, त्या व्हय म्हणाल्या तर गाडी हळू घेतो, एवढं शहाण्यासारखं बोलला. मग डोकं खाजवत म्हणाला, "आणि मी महिना-दोन महिने काय खाऊ?"

"कुकरातलं उरलेलं रबर डब्यात घालून फ्रीजरात ठेवलंय," पूर्णिमा स्टुलावरूनच म्हणाली. "चालतंय की."

साक्षी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसली. ताट बाजूला सारून, पोटावर हात धरून ती उठली. "दे इकडं. बॅग मी भरतो."

भरतो म्हणाली. पूर्णिमानं ऐकलं, पण त्यावर काही बोलायचं नाही असं ठरवून तिनं फक्त बॅग खाली दिली.

आक्काताईंचं अजून चाललंच होतं. "अगं, बोलावल्याबिगर कुणाच्या दारात जाऊ ने. कुणी बोलावलंय का तुला? आमंत्रण तरी हाय का?"

"हाय," पूर्णिमा म्हणाली. एवढा वेळ चढा असलेला आवाज आता मात्र चिरकला. "माझ्या लेकीनं बोलावलंय मला."